कारच्या एसीचा प्रेशर सेन्सर खरंच गेलाय का? बदलायच्या आधी हे तपासा

मे महिना लागला की इंदूरमध्ये कार एसीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकच वाक्य ऐकायला मिळतं, "भिया, सेन्सर उड गया है." मग सेन्सर बदलतात, गॅस भरतात, बिल होतं, थोडे दिवस गार हवा येते आणि परत पहिले पाढे पंचावन्न. सेन्सर कधी खराब होतच नाही असं माझं म्हणणं नाही, होतो की, पण बहुतेक वेळा तो बिचारा जे प्रेशर आहे तेच सांगत असतो आणि गडबड गॅस, फॅन नाहीतर वायरमध्ये असते. हे वेगळं कसं ओळखायचं ते ज्यांनी आजवर फक्त बोनेट उघडून वॉशरचं पाणी भरलंय अशा लोकांसाठी लिहितोय, त्यामुळे जाणकारांना काही गोष्टी फार सोप्या वाटतील, चालवून घ्या.

आधी हा सेन्सर करतो काय ते

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो गरम दाबलेला गॅस समोरच्या कंडेन्सरमध्ये जाऊन थंड होतो आणि लिक्विड बनतो, पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचं प्रेशर एकदम पडतं आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून केबिनमधली उष्णता खेचून घेतो. यातल्या जास्त प्रेशरच्या बाजूला, म्हणजे कंडेन्सरवर, ड्रायरजवळ (गॅसमधली ओल शोषणारी बाटली) किंवा तिथून आत जाणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या पाइपवर हा सेन्सर आटेवर बसवलेला असतो. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याच्याकडून सतत प्रेशर विचारत असतो. साधारण २ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) खाली गेलं तर गॅस संपलाय असं समजून कॉम्प्रेसर चालूच करत नाही, ३० बारच्या आसपास गेलं तर काहीतरी फुटायच्या आत बंद करतो, आणि मधल्या पट्ट्यात त्याच रीडिंगवरून रेडिएटरचा फॅन स्लो चालवायचा की फास्ट ते ठरवतो. आकडे गाडीगणिक थोडे इकडेतिकडे होतात पण रचना हीच.

आता एक गोष्ट नीट बघा कारण पुढचं सगळं त्यावर आहे, कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पिना किती? दोन पिना असतील तर तो सेन्सर नाही, साधा प्रेशर स्विच आहे, चालू किंवा बंद एवढंच त्याला कळतं. चार पिना असतील तर बहुधा तसाच स्विच आहे पण फॅनची वेगळी जोडी असलेला. तीन पिना म्हणजे खरा सेन्सर, एका वायरवर ईसीयूकडून ५ व्होल्ट येतात, एक निगेटिव्ह, आणि तिसऱ्यावरून प्रेशरप्रमाणे बदलणारा व्होल्टेज परत जातो.

जुन्या दोन पिनांच्या स्विचला वायरचा तुकडा लावून डायरेक्ट करायची सवय आपल्याकडे खूप मेकॅनिकांना आहे. तीन पिनांच्या सेन्सरला हे अजिबात करू देऊ नका. चुकीच्या दोन पिना जोडल्या तर ते ५ व्होल्ट सरळ निगेटिव्हला शॉर्ट होतात, आणि बऱ्याच गाड्यांत तीच ५ व्होल्टची लाइन इंजिनच्या दुसऱ्या सेन्सरांनाही जात असते, मग एसी बघायला गेलात आणि गाडीच पिकअप घेईना अशी गत होते. हीच गोष्ट उलटीही खरी आहे, एसीचा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर इंजिनचे भलतेच कोड (ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे नंबर) येतात आणि कोणाच्या डोक्यातही येत नाही की कारण एसीत आहे.

सामान

डिजिटल मल्टीमीटर हवा, महारानी रोडवर साधासुधा मिळतो तोही चालेल. टेस्ट लॅम्प या कामाला वापरू नका, तो जास्त करंट खेचतो आणि ईसीयूच्या नाजूक सर्किटला ते सोसत नाही. दोन-तीन बारीक टाचण्या किंवा शिवणाच्या सुया, कपलरच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेने हळूच आत सरकवायला. १ किलोओमचा एक रेझिस्टर. आणि स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र. स्कॅनरबद्दल थोडं सांगतो, तो स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल ॲप कोड वाचायला चांगलं आहे, पण एसीचं प्रेशर हा आकडा बहुतेक गाड्यांत कंपनीच्या स्वतःच्या डेटामध्ये असतो, साध्या ॲपमध्ये दिसेलच असं नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे त्या कंपनीचा डेटा वाचणारा स्कॅनर असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, पैसे देऊन करून घ्या, नवीन सेन्सरपेक्षा स्वस्तच पडेल.

गेज सेट, म्हणजे तो निळ्या-लाल घड्याळांचा, घरी कोणाकडे नसतो. तो भाग एसीवाल्याकडूनच करवून घ्या पण समोर उभं राहून आकडा स्वतः बघा.

सुरक्षेचं थोडक्यात. गॅस उडून त्वचेवर किंवा डोळ्यात गेला तर हिमदाह होतो, म्हणजे अति थंडीने भाजल्यासारखी जखम, म्हणून चष्मा आणि हातमोजे. रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, ओढणी, लोंबत्या बाह्या, हात सगळं लांब. गॅसचं कुठलंही नट घरी सैल करायचं नाही. आणि गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर एसीचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारंगी केबल दिसली की आपण बोनेट बंद करायचं, हा लेख त्या गाड्यांसाठी नाही.

पहिली पायरी: काही न उघडता बघा

गाडी सुरू करा, ब्लोअर दोनवर, एसी ऑन, आणि एकाला आत बसवून तुम्ही बोनेटपाशी उभे राहा. कॉम्प्रेसरच्या पुलीवरचा मॅग्नेट क्लच "टक" आवाज करून फिरायला लागतो का? फॅन सुरू होतो का? मॅग्नेट लागून दोन-तीन सेकंदात सुटतोय, परत लागतोय, परत सुटतोय असं होतंय का? काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे टक आवाजाची वाट बघत बसू नका, पाइपच्या तापमानावरून समजून घ्या, जाड पाइप गार होत नसेल तर काम होत नाहीये.

आता कधी बंद पडतो ते आठवा, कारण अर्धं निदान इथेच आहे. पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की गार हवा बंद आणि बायपासवर ऐंशीच्या स्पीडला मस्त थंड, असं असेल तर सेन्सरवर शंका घ्यायची काही गरज नाही. उभ्या गाडीला हवा फक्त फॅन देतो, फॅन फिरत नसेल किंवा कंडेन्सर चोंदला असेल तर प्रेशर चढत जातं आणि ईसीयू बरोबरच बंद करतो. आपल्या माळव्याची काळी माती पावसात उडून कंडेन्सरच्या जाळीत बसते आणि उन्हात वाळून तिचा पापुद्रा होतो, वर किडे, पिसं, झाडाची पानं. साध्या पाइपच्या पाण्याने, जोर न लावता, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेला धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि हवा कायमची अडते.

याउलट कधीच गार होत नाही, मॅग्नेट लागतच नाही आणि एसी दाबल्यावर किंवा नुसती चावी ऑन केल्यावर फॅन फुल स्पीडने घोंघावतो, असं असेल तर सेन्सरच्या सर्किटवर शंका घ्यायला जागा आहे. बऱ्याच गाड्यांत ईसीयूला सेन्सरचं रीडिंग विश्वासाचं वाटलं नाही की तो कॉम्प्रेसर बंद ठेवतो आणि खबरदारी म्हणून फॅन सोडतो.

फ्यूज आणि रिले (ईसीयूच्या इशाऱ्यावर करंट चालू-बंद करणारा स्विच) याच वेळी बघून घ्या. बोनेटच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा छापलेला असतो, एसीचा रिले आणि शेजारचा त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा.

दुसरी पायरी: कोड वाचा, पण कोड वाचून सेन्सर मागवू नका

पी०५३० म्हणजे एसी प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पी०५३१ म्हणजे रीडिंग येतंय पण पटण्यासारखं नाही. पी०५३२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०५३३ म्हणजे फार जास्त. पी०५३४ म्हणजे गॅस कमी झाल्याचा संशय. पी०६४५ आला तर तो कॉम्प्रेसरच्या रिलेच्या सर्किटचा आहे, सेन्सरचा नाही, आणि पी०६४१ किंवा पी०६५१ सोबत दिसला तर ती ५ व्होल्टची सप्लाय लाइनच आजारी आहे.

बघा, यातल्या एकाही कोडचा अर्थ "सेन्सर बदला" असा नाही. "सर्किट" म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तिन्ही वायरी आणि ईसीयू असं सगळं मिळून. कोड फक्त कुठल्या गल्लीत शोधायचं ते सांगतो, घर तुम्हाला शोधायचंय. कोड लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, मगच पुसा, आणि पुसल्यावर लगेच परत येतो की गाडी फिरवल्यावर येतो ते बघा. लगेच आला तर वायर तुटलेली किंवा शॉर्ट असण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: थंड गाडीचा आकडा, हीच खरी परीक्षा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी असू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करून स्कॅनरवर एसीचं प्रेशर बघा. इंजिन बंद असताना सिस्टीममधलं प्रेशर सगळीकडे सारखं झालेलं असतं आणि ते बाहेरच्या तापमानावर ठरतं, त्यामुळे आकडा किती यायला हवा ते आपल्याला आधीच माहीत असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, त्याचे आकडे असे:

२० अंशाला साधारण ६८ पीएसआय, म्हणजे ४.७ बार
२५ अंशाला ८२ पीएसआय, ५.६ बार
३० अंशाला ९७ पीएसआय, ६.७ बार
३५ अंशाला ११४ पीएसआय, ७.९ बार
४० अंशाला १३३ पीएसआय, ९.२ बार

गॅस कुठला आहे ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, किती ग्रॅम भरायचा तेही तिथेच. आर-१२३४वायएफ असेल तर आकडे थोडे वेगळे येतात आणि तो गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, त्याचं काम तो हाताळणाऱ्याकडेच.

आता स्कॅनरचा आकडा ताडून बघा. मे महिन्यातली सकाळ, ३० अंश, आणि स्कॅनर ६.५ किंवा ७ बार दाखवतोय, तर निदान या घडीला तरी सेन्सर बरोबर बोलतोय. ३० बार दाखवतोय? इंजिन बंद असताना हे शक्यच नाही, म्हणजे सेन्सर नाहीतर वायर खोटं सांगतेय. १ किंवा २ बार दाखवतोय? इथे घाई नको, एक तर गॅस खरंच गेलाय किंवा सेन्सर खोटा आहे, आणि हे फक्त गेज लावूनच कळेल.

एक बारीक गोष्ट, काही स्कॅनर ॲब्सोल्यूट प्रेशर दाखवतात म्हणजे हवेचं प्रेशर धरून, त्यात साधारण १ बार जास्त दिसतो. किलोपास्कलमध्ये आकडा आला तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, आणि १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. एकच युनिट धरून कागदावर लिहा, नाहीतर गोंधळ होतो.

दुसरी बारीक गोष्ट जी दुकानदारही विसरतात, प्रेशर बरोबर आलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही. घरातल्या एलपीजी सिलिंडरसारखं आहे हे, सिलिंडर अर्धा असो की पाव, आत थोडं जरी लिक्विड शिल्लक असेल तोवर प्रेशर तेवढंच राहतं. त्यामुळे या पायरीत आपण सेन्सर तपासतोय, गॅसचं माप नाही. माप कळायला गॅस पूर्ण काढून वजन करून परत भरणं हा एकच पक्का रस्ता.

चौथी पायरी: गेज आणि स्कॅनर शेजारी शेजारी

आता एसीवाल्याकडे जा आणि त्याला सांगा, दादा गॅस भरू नका, आधी फक्त गेज लावा. इंजिन बंद असताना लाल गेज हाय साइडच्या, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूच्या, पिनवर लावायचं. स्कॅनर ७ आणि गेज ७, सेन्सर ठीक. गेज ७ आणि स्कॅनर २ किंवा २५, सेन्सर किंवा सर्किट खराब. दोन्ही १, तर गॅस लीक झालाय आणि सेन्सरने प्रामाणिकपणे कॉम्प्रेसर वाचवलाय.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एसीचं ऑइल गॅससोबतच फिरतं, गॅस नसताना कोणी सेन्सरला फसवून किंवा मॅग्नेटला सरळ १२ व्होल्ट देऊन कॉम्प्रेसर चालवला तर तो कोरडा फिरून जाम होतो, त्याचा चुरा पूर्ण सिस्टीममध्ये पसरतो आणि मग कंडेन्सर, व्हॉल्व्ह, सगळंच बदलावं लागतं.

दोन्ही आकडे जुळले की इंजिन सुरू करून बघा. एसी फुल, खिडक्या बंद, गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी ॲक्सिलरेटर न दाबता. ३५ अंशाच्या आसपासच्या दिवशी लो साइडला (कमी प्रेशरची बाजू) साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइडला २०० ते २५० पीएसआय हे ठीकठाक समजायचं, भर दुपारी चाळिशीच्या वर हाय साइड ३०० लाही जातो. बघायचं हे की गेजचा काटा जसा चढतोय तसा स्कॅनरचा आकडाही चढतोय का. फॅन लागला की दोन्ही एकत्र खाली यायला हवेत. कधीकधी थंड असताना सेन्सर अगदी बरोबर असतो आणि गरम झाल्यावर १५ बारला अडकून बसतो किंवा एकदम उडी मारतो, असा सेन्सर इथेच सापडतो.

पाचवी पायरी: मल्टीमीटर

इथे वेळ घ्या. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढा, लॉक दाबून, वायर ओढून नाही. काढल्यावर आधी फक्त डोळ्यांनी बघा. सुदामानगरमध्ये आमच्या शेजारच्या काकांच्या हॅचबॅकला पी०५३२ येत होता, एका गॅरेजने सेन्सर आणि गॅस दोन्हीचं एस्टिमेट दिलं होतं. काकांना म्हटलं, "काका, आधी कपलर तर काढून बघू." काढला तर आतलं लाल रबरी सील होतंच नाही, मधल्या पिनवर हिरवट पावडर जमलेली, नखाने खरवडली तर पिन अर्धी खाल्लेली, बारीक होऊन टोकदार झालेली. पावसाळ्यात पाणी आत गेलं होतं आणि वर्षभर हळूहळू गंज चढला. कपलर बदलला, तोही नुसता वायरीच्या शेपटीसकट मिळतो, सेन्सर जुनाच आजही गाडीत आहे. काकू म्हणाल्या, "एवढ्याशा पावडरीनं आख्खा उन्हाळा घामाघूम केलं होय!"

दुसरा मोठा शत्रू उंदीर. गाडी बागेशेजारी किंवा कचऱ्याजवळ उभी राहत असेल तर वायरींचा गुच्छ जिथे जिथे वळतो तिथे बोट फिरवा, बॅटरीखाली आणि हेडलाइटच्या मागे खास करून.

आता कपलर काढलेलाच ठेवून इग्निशन ऑन, इंजिन बंद. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कपलरच्या एकेका पिनला, पिनच्या तोंडात प्रोब घुसवून ती फाकवू नका, नुसती टेकवा. एका पिनवर ५ व्होल्टच्या अगदी जवळ यायला हवेत, ४.८ ते ५.२ समजा. हे नसेल तर सेन्सर बाजूला ठेवा, सप्लायच नाहीये, वायर तुटलीय किंवा त्याच लाइनवर दुसरं काहीतरी शॉर्ट आहे. सिग्नलच्या पिनवरही काही गाड्यांत ५ व्होल्ट दिसतात आणि काहींत शून्य, कारण ईसीयू आतून ती वायर वर किंवा खाली ओढून धरतो. त्यामुळे कुठली पिन कसली आहे हे आपल्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा, अंदाजाने नाही.

निगेटिव्ह तपासायचा तर लाल प्रोब ५ व्होल्टच्या पिनवर ठेवून काळी कपलरच्याच निगेटिव्ह पिनवर न्या, तिथेही ५ च्या जवळ आलं पाहिजे. मग कपलर परत लावून, इंजिन चालू, मागून टाचणी सरकवून निगेटिव्ह वायर आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधला फरक बघा, ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थिंग खराब, आणि खराब अर्थिंगमुळे सिग्नल वर सरकतो, म्हणजे सेन्सर चांगला असून रीडिंग जास्त. वायरीचं कव्हर टोचून कधीही माप घेऊ नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात नवं दुखणं.

राहिला सिग्नल. कपलर लावलेला, टाचणी सिग्नलच्या वायरीवर. अशा सेन्सरांचा पट्टा सहसा ०.५ ते ४.५ व्होल्ट असतो. समजा तुमचा सेन्सर ० ते ३२ बारचा आहे, तर दर ८ बारला १ व्होल्ट चढेल, म्हणजे उभ्या गाडीत ८ बार असताना १.५ व्होल्ट आणि एसी चालू असताना १६ बारला २.५. प्रत्येक सेन्सरचा पट्टा वेगळा, पण दिशा हीच. ०.२ च्या खाली किंवा ४.८ च्या वर चिकटून बसला असेल आणि सप्लाय-निगेटिव्ह दोन्ही बरोबर आले असतील तर आता शंका सेन्सरवर किंवा सिग्नलच्या वायरीवर. स्कोडा-फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत मात्र सिग्नल असा सरळ व्होल्टेज नसतो, चालू-बंद पल्सच्या रूपात किंवा डिजिटल येतो, तिथे साधा मल्टीमीटर काहीतरी अर्धवट आकडा दाखवेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका, स्कॅनरवरच भरवसा ठेवा.

सहावी पायरी: सेन्सर की वायर

कपलर काढा, स्कॅनरवर प्रेशर चालू ठेवा. काढल्या काढल्या आकडा एका टोकाला जाईल, शून्याकडे किंवा एकदम वर. आता १ किलोओमचा रेझिस्टर सिग्नलच्या पिनवरून निगेटिव्ह पिनवर जोडा, आकडा खाली गेला पाहिजे किंवा खालीच राहिला पाहिजे. मग तोच रेझिस्टर सिग्नल आणि ५ व्होल्टच्या पिनमध्ये, आकडा वर गेला पाहिजे. दोन्हीकडे हलला म्हणजे वायर आणि ईसीयू दोघंही शाबूत, सेन्सर दोषी, आता खुशाल मागवा. नाही हलला तर नवीन सेन्सर लावूनही काही फरक पडणार नाही, सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत तपासावी लागेल. रेझिस्टर मध्ये असल्यामुळे पिन चुकली तरी मोठा करंट जात नाही, म्हणून नुसती वायर लावू नका. कपलर काढल्यामुळे नवे कोड येतील, ते आपणच आणलेत, घाबरायचं नाही, नंतर पुसायचे.

कधी येतो कधी जातो असा फॉल्ट असेल तर कपलर लावून, स्कॅनर किंवा मीटर बघत, वायरींचा गुच्छ सेन्सरपासून मागे मागे हलवत जा, हळू, चार बोटं एका वेळी. जिथे आकडा दचकला तिथे तुटलेली तार आहे.

सेन्सर बदलायचाच असेल तर

काही गाड्यांत सेन्सरच्या खाली टायरच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, सेन्सर फिरवून काढला तरी गॅस अडून राहतो. काहींत नसते, आणि तिथे सेन्सर सैल केला की पूर्ण गॅस तोंडावर येतो. बाहेरून बघून हे कळत नाही, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचं, आणि खात्री नसेल तर मशीनने गॅस काढूनच उघडायचं. गॅस हवेत सोडून देणारे पुष्कळ आहेत, त्यांना अडवा, आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे, आणि काढलेला गॅस मशीनमध्ये साफ होऊन परत वापरता येतो.

ओ-रिंग नवीन, एसीसाठीच बनवलेली, तिला कॉम्प्रेसरला चालणाऱ्याच ऑइलचा हलका हात. सेन्सरवर एक पाना लावून दुसऱ्या हाताने दुसरा पाना धरून पाइपला आधार द्या, ॲल्युमिनियमचा पाइप पिळला गेला तर सेन्सर स्वस्त आणि पाइप महाग पडेल. कपलर आणि पिनांची संख्याच नाही तर पार्ट नंबरही जुळवा, आटे सारखे असून आतला पट्टा वेगळा असणारे सेन्सर मिळतात आणि मग रीडिंग कायम चुकीचं.

गॅस काढला असेल तर भरायच्या आधी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा खेचून काढणं, किमान अर्धा तास, आणि पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा परत वर येत नाही ना ते बघा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो, पुस्तकातल्या २९.९ ची वाट बघत कोणी पंपाला दोष देत असेल तर त्याला हे सांगा. भरताना वजनकाट्यावर, स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम. लहान गाड्यांत सहसा ३०० ते ५०० ग्रॅमच असतो, त्यात शंभर ग्रॅम कमीजास्त म्हणजे फार मोठी चूक. "हात लावून गार वाटेपर्यंत" भरलेला गॅस जास्त झाला की हाय साइडचं प्रेशर चढतं, सेन्सर बंद करायला लावतो आणि परत त्याच सेन्सरला दोषी ठरवून दुसरा विकला जातो.

झाल्यावर कोड पुसा, गाडी उन्हात आयडलला वीस मिनिटं एसी लावून उभी करा, स्कॅनरवर आकडा वर-खाली होताना बघा, फॅन लागतोय-सुटतोय बघा, मग एकदा इंदूरजवळचा सिमरोलचा घाट चढवून आणा, चढावर इंजिनवर लोड असतो आणि समोरून येणारी हवा कमी, तिथे प्रेशर जास्त जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचा आकडा परत घ्या आणि तापमानासकट सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. जुना सेन्सर आणि बिल मागून घ्या, पिशवीत घालून डिकीत ठेवा, वॉरंटीला तोच पार्ट नंबर लागतो.